फिरकीच्या तांब्यातलं पाणी

माझं माहेर खाऱ्या पाण्याचं. अकोल्याच्या पलीकडे पूर्णेच्या काठानं जो पट्टा लागतो, तिथलं. त्या मुलखात विहिरीला पाणी भरपूर, पण तोंडात घेतलं की जीभ मागे सरते. आम्ही तेच पीत होतो. पाहुणा पहिल्या घोटाला थबकायचा आणि मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उरलेला चहा संपवायचा. सगळ्या जगात पाहुणे असाच चहा पितात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

उन्हाळ्यातल्या पहाटे आमच्या शेताच्या खोलगट जागी माती पांढरी फुटायची. अनवाणी पायानं त्यावरून चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. रात्री चांदणं सांडतं, कोणी पुसत नाही, म्हणून ते तिथंच वाळून बसतं, अशी माझी पक्की समजूत होती. मी ते बोटानं गोळा करायची आणि चाटायची. एकदा बाबांनी पाहिलं. रागावले नाहीत. माझ्या बाजूला उकिडवे बसले, स्वतःही एक बोट चाटलं आणि म्हणाले, "हे खार हाये, बाई. जमिनीले घाम येते. पानी वर चढते, ऊन पानी घेऊन जाते, अन् खार आपल्यापाशी ठेवते."

मला चांदण्याचंच खरं वाटत होतं. अजूनही कधी डोळा लागता लागता तोच पांढरा तुकडा समोर येतो, पण तो माहेरचा असतो की सासरचा, हे सांगता येत नाही. दोन्हीकडचा सारखाच दिसायचा.

सासर नागपूरचं, शहराला लागून असलेल्या बेसा गावचं. बेसा म्हटलं की आज लोकांना फ्लॅट आठवतात. साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा बेसा म्हणजे कौलारू गाव होतं आणि गावाच्या खाली, नाल्याच्या अंगाला आमची संत्र्याची बाग होती. घरही बागेतच. सकाळी दार उघडलं की पानांवरचं दव अंगावर आल्यासारखं वाटायचं. बहार आला की वासानं डोकं जड व्हायचं, आणि मी हातातलं काम विसरून उंबऱ्यातच उभी राहायची. सासूबाईंना वाटायचं, पोरगी अर्धवट आहे.

लग्न आमच्या गावी झालं. वऱ्हाड यायच्या आधी बाबांनी दूरच्या गावाहून बैलगाडीवर ड्रम बांधून गोडं पाणी आणवलं. मांडवात रांजण भरून ठेवले. आणि वऱ्हाडातलं कोणी हौसेनं विहिरीवर जाऊ नये म्हणून पोहऱ्याचा दोरच काढून घरात लपवला. खाऱ्या गावची पोरगी करायला लोक नाखूश असतात, हे त्यांना माहीत होतं. वऱ्हाडी मंडळी जेवली, तृप्त झाली, पाण्याची तारीफ करून गेली. सासरे म्हणाले, "पानी मस्त हाये गा तुमच्याकडचं, इवाईबुवा." व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. बाबा जमिनीकडे पाहत हसले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून ते काहीच बोलले नाहीत.

सासरी नव्या सुनेच्या हातचं पहिलं वरण करायची वेळ आली. तुरीची डाळ चुलीवर चढवली. पाणी उकळलं, आटलं, पुन्हा घातलं, पुन्हा आटलं. डाळ काही शिजेना. दाणा दाताखाली कटकट वाजत होता. मी गडव्यातलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं आणि माझं मलाच हसू आलं. माहेरची चव! फार पातळ, ओळखू येईल न येईल अशी, पण तीच.

"आत्याबाई, पानी खारं हाये," मी म्हणाले.

सासूबाई परातीत कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "नाचता येईना अंगन वाकडं," म्हणाल्या. "डाय रात्री भिजवा लागते, अन् वरतून चिमूटभर सोडा टाका लागते. आमच्याकडे असंच हाये पहिल्यापासून."

सोडा कशासाठी, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. त्यांच्या सासूनं घातला, म्हणून त्यांनी घातला.

सासरे बाहेर ओट्यावर जेवायला बसले होते. त्यांच्या कानावर गेलं. ते आत आले नाहीत, आवाजही चढवला नाही, फक्त ताट बाजूला सारून बोलले, "हे विहीर मी खोदली. पहार माह्या हातात होती. आजपर्यंत कोनी इले नाव नाही ठेवलं." आणि हात धुऊन बागेत निघून गेले. त्या दिवशी मला कळलं की या घरात विहिरीबद्दल बोलायचं नाही. घरधन्याबद्दल बोललेलं एकवेळ खपलं असतं.

त्याच वर्षी विहिरीवर विजेची मोटार बसली. तोवर मोट होती. बैल धावेवरून खाली जायचे, वर यायचे. मोट नाड्याला लटकून डुलत यायची आणि विहिरीजवळच्या चार ओळींपुरतं पाणी द्यायची. बाकीची जमीन, नाल्याकडची, कोरडवाहू होती. मोटार आली तसं सासऱ्यांनी नाल्यापर्यंत संत्री लावली. मोटारीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. बटण दाबलं की पाणी धो धो दांडात पडायचं आणि सासरे धोतर गुडघ्यावर खोचून त्या पाण्यात उभे राहायचे. इतका सुखी माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे. झाडाला पाणी दिलं की त्यांना स्वतःला प्यायल्यासारखं वाटायचं.

काही वर्षं बाग मस्त होती. मग नाल्याकडच्या झाडांची पानं टोकाला जळू लागली. आधी बारीक तपकिरी काठ, विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारखा. मग पान पिवळं व्हायचं, मग गळायचं. संत्री लिंबाएवढी राहून पडायची. सासऱ्यांनी निदान केलं, "तहानली बिचारी." आणि आणखी पाणी दिलं.

आमच्याकडे संत्र्याला ताण देतात. मृगाचा बहार घ्यायचा तर भर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, पानं मान टाकेपर्यंत थांबायचं. झाड मरणाला टेकल्यासारखं होतं, आणि मग पाणी मिळालं की एकदम फुलून येतं. त्या वर्षी ताण दिला आणि एका पहाटे मी बागेत गेले तर नाल्याकडच्या झाडांभोवतीची सगळी आळी पांढरी झालेली. उन्हं अजून आली नव्हती. झाडं काळी, आणि प्रत्येकाच्या पायाशी एक एक पांढरं कडं. काय सुंदर दिसत होतं ते, खोटं का बोलू! मी चपला काढून त्यावर पाय ठेवला. पापड मोडला. क्षणभर मी परकर-पोलक्यातली होते, आणि बाबा कुठंतरी बांधावर बैल हाकत होते.

मग भानावर आले आणि चपला पायात घातल्या. लोक काय म्हणतील, ते मला तिथल्या तिथं कळून चुकलं.

तसंच झालं. आधी शेजारच्या बागवाल्यानं विचारलं, "हे पांढरं काय हाये गा?" मग नाल्यावर धुणं धुणाऱ्या बायकांत कुजबूज झाली. सून कुठली? खाऱ्या गावची. बाग कधीपासून बिघडली? सून आली तेव्हापासून. पांढऱ्या पायाची म्हणतात ती हीच. मी आणि मोटार एकाच वर्षी त्या घरात आलो, पण मोटारीला कोण नाव ठेवणार? तिची तर पूजा झाली होती.

त्यात मला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. एकीनं धुणं आपटता आपटता म्हटलं, "खाऱ्या जमिनीत काय उगवते वं!" बाकीच्या हसल्या. मी पिळे बादलीत टाकले आणि घरी आले. न्हाणीत जाऊन रडले. रागानं रडले, दुःखानं नाही. खाऱ्या जमिनीत कापूस उगवतो, मूग उगवतो, ज्वारी उगवते, मी स्वतः उगवले होते. पण हे सांगणार कोणाला? सासूबाई मला तसं बोलल्या नाहीत, पण त्यांनी कोणाला थांबवलंही नाही. नवरा गरीब स्वभावाचा. तो म्हणायचा, "लोकाइकडे लक्ष नको देऊ." लक्ष न देणं त्याला सोपं होतं.

बाग गेली असती तर सासऱ्यांचं सगळं गेलं असतं, आणि ती माझ्यामुळे गेली असं कायमचं ठरलं असतं. तो उन्हाळा मी ही गोष्ट छातीवर घेऊन काढला.

बाबा वर्षातून एकदा भेटायला यायचे, तसे त्याच सुमारास आले. सकाळच्या गाडीनं यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मुक्काम नाही, कारण आमच्या लोकांत रीत अशी की लेकीच्या पोटी लेकरू येईपर्यंत बापानं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. अन्न तर लांबच. म्हणून बाबांच्या खांद्याला शिदोरीची पिशवी आणि हातात पितळेचा फिरकीचा तांब्या. फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाचा, घरच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला. ते बांधावर आंब्याखाली बसून आपली भाकर खायचे, आपलं पाणी प्यायचे, आणि मी समोर बसून पाहायची. सासूबाई दरवेळी आग्रह करायच्या आणि बाबा दरवेळी हात जोडायचे. दरवेळी मला वाटायचं, पुढल्या वर्षी तरी. त्यांनी कधी विचारलं नाही. तांब्याकडे पाहिलं की मला कळायचं की अजून तसंच आहे.

त्या दिवशी भाकर खाऊन ते बागेत फिरायला निघाले. सासरे सोबत. मी मागे. नाल्याकडे उतरल्यावर बाबांची चाल बदलली. ते हळू झाले. एका आळ्याजवळ थांबले, वाकले, पांढऱ्यावर बोट फिरवलं. पुढे एका जागी जमीन तेल सांडल्यासारखी काळी चकचकीत होती, तिथं टाच दाबून पाहिली. आदल्या पावसाचं पाणी इथं उभं राहत होतं का, विचारलं. सासरे म्हणाले, "राह्यते. मुरत नाही लवकर. पन त्यानं काय होते?"

बाबांनी चिमूटभर माती उचलली आणि तोंडात टाकली.

सासरे बघतच राहिले. "इवाईबुवा! भाकर नाही चालत आमची, अन् माती चालते?"

"मातीले मनाई नाही," बाबा म्हणाले. माती तोंडात घोळवून त्यांनी बाजूला थुंकली.  त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्यांना बोलायचं नाही आणि बोलावं लागणार आहे. शेवटी म्हणाले, "हे माह्या गावची माती हाये."

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. इतके दिवस जे घरात कोणी बोललं नव्हतं ते त्यांच्या तोंडून निघालं. "हो. लोकंबी तेच म्हन्तात. तुमच्या पोरीनं आनली."

मी आळ्याच्या कडेला उभी होते. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग इतकं साधं काही केलं की मला अजून नवल वाटतं. हातातल्या तांब्याची फिरकी सोडली आणि तो सासऱ्यांपुढे धरला.

"घ्या. मले तुमच्या घरचं चालत नाही. तुम्हाले माह्या घरचं चालते. पेऊन पाहा."

सासऱ्यांना नाही म्हणता येईना. पाहुण्याच्या हातचं पाणी नाकारायचं कसं? त्यांनी तांब्या वर धरून तोंडात धार सोडली, आणि घोट घेताच थबकले. आमच्या घरी पाहुणे थबकायचे तसेच. तोंड वाकडं करून गिळलं.

"हे तं खारं हाये. लग्नात तं गोड होतं!"

"ते दुसऱ्या गावचं होतं," बाबा म्हणाले. "बैलबंडीनं आनलं होतं. तुम्ही सोयरीक मोडाल म्हनून भेव वाटत होतं."

 सासऱ्यांना राग यायला हवा होता. आला असेलही. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "विहिरीचं आन. ताजं."

मी धावत गेले. पोहरा सोडला, गडवा भरला आणि धावत आले. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. त्यांनी गडव्यातून एक घोट घेतला. मग तांब्यातून घेतला. मग पुन्हा गडव्यातून, या वेळी तोंडात धरून ठेवला. डोळे मिटले होते. ज्या विहिरीचं पाणी ते इतकी वर्षं प्यायले, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा चाखलं.

"याच्यात जास्त हाये," तांब्याकडे बोट करून ते म्हणाले. थोडं थांबून बोलले, "पन एकच हाये."

आणि तिथंच आळ्याच्या कडेला खाली बसले. बाबा त्यांच्या शेजारी बसले. दोन म्हातारे पांढऱ्या मातीत पाय सोडून बसलेत आणि मध्ये तांब्या, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. बाबांनी त्यांना समजावलं ते मी ऐकलं. मोटेच्या वेळी पाणी थोडं होतं, खारही थोडा पडायचा, पाऊस तो धुऊन न्यायचा. मोटारीनं पाणी वाढलं, त्याबरोबर खार वाढला. नाल्याकडे जमीन खोलगट, पाण्याला वाट नाही. वरून ताण दिला, तर खालचा सगळा खार उन्हानं वर ओढला. झाड तहानेनं मरत नव्हतं, पाजून पाजून मरत होतं.

"मंग उपाय सांगा," सासरे म्हणाले.

बाबांनी हात पसरले. "आमच्याकडे उपाय नाही, बाप्पा. आम्ही विहिरीचं पानी शेताले देतच नाही. देवाच्या पान्यावर जे पिकते ते खातो. तुम्हीबी झाडं काढा अन् कापूस लावा."

हे काही सासऱ्यांना पटण्यासारखं नव्हतं. मलाही पटलं नाही. बाबा सगळं ओळखायचे, पण ओळखून गप्प बसायची त्यांच्या मुलखाची सवय होती. संध्याकाळी ते गेले. मोटार त्या दिवसापासून बंद झाली.

नंतर नवऱ्यानं आणि मी माती तपासायला नागपूरला नेली. वरची वेगळी, हातभर खोलीची वेगळी, कमरेइतक्या खड्ड्यातली वेगळी, आणि बाटलीत विहिरीचं पाणी. पिशव्या माझ्या मांडीवर. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "सत्तू हाये का वं?" मी म्हणाले, "हो, खारा सत्तू." तपासणी करणारा माणूस तरुण होता, चष्म्यावर धूळ, बोलणं सौम्य. माती पाण्यात ढवळून ठेवली, पाहिली, परत यायला सांगितलं. निकाल घ्यायला गेलो त्या दिवशी सीताबर्डीवर साड्यांच्या दुकानांसमोरून चालले तरी मला काचेत साड्या दिसल्या नाहीत, आळीच दिसत राहिली.

त्यानं मार्ग सांगितला. नाल्याच्या कडेनं खोल चर खणा, म्हणजे खालच्या पाण्याला वाट मिळेल. आळी उंच बांधा, पावसाचं पाणी त्यात कोंडा, ते मुरून खार खाली नेईल आणि चरातून बाहेर काढेल. काळ्या चकचकीत जागी जिप्सम पसरा. मधल्या पट्ट्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरा आणि हिरवा असतानाच गाडा. नाल्यावर मातीचा बांध घाला, हिवाळ्यात ते पाणी द्या. विहिरीचं कमीत कमी. आणि ताण बंद. "एका वर्षात होणार नाही," तो म्हणाला. "जमीन हळू बरी होते."

चराच्या रेघेत झाडं येत होती. मरायला टेकलेली, पण सासऱ्यांच्या हातची. मजुरांना त्यांनी हात लावू दिला नाही. स्वतः कुऱ्हाड घेतली. एकेका झाडाजवळ जाऊन आधी बुंध्यावर हात ठेवायचे, मग घाव घालायचे. सासूबाई घराच्या दारातून पाहत होत्या. त्या माझ्या हाताला धरून उभ्या होत्या. हात त्यांनी कधी धरला ते त्यांना कळलं नसावं, मीही सोडवून घेतला नाही.

पावसाळ्यात कौलांवरून येणारं पाणी मी रांजणात भरून ठेवू लागले. त्या पाण्यात डाळ लावली तर ती लोण्यासारखी शिजली. सोडा नाही, भिजवणं नाही. सासूबाईंनी वरणभात कालवला, घास घेतला, आणखी वाढून घेतलं. म्हणाल्या, "आता जमून राह्यलं तुले." मी तोंडाला पदर लावून हसले. इतक्या वर्षांत माझं काही जमायला लागलं होतं, पाणी बदललं नव्हतं, असं त्यांचं मत होतं. ते मी राहू दिलं. नाल्यावर मात्र त्या स्वतः माझ्यासोबत आल्या आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खार आमच्याच विहिरीचा होता. माह्या सुनेनं पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं." त्यानंतर तिथं मला कोणी काही बोललं नाही.

जमीन हळू बरी झाली, त्या माणसानं सांगितलं तशीच. आधी पांढरं उशिरा फुटू लागलं, मग कमी, मग फक्त चराच्या काठाला एक रेघ. धैंचा कमरेइतका वाढायचा, पिवळ्या फुलांचा, आणि वाऱ्यात सगळा पट्टा हलायचा. तो नांगराखाली गाडताना मला वाईट वाटायचं. वाचलेल्या झाडांना हिरवी पालवी आली. सासरे चराच्या काठानं रोज फेरी मारायचे आणि वाहणाऱ्या पाण्यात बोट बुडवून चाखायचे. चाखायचं व्यसनच लागलं त्यांना. माझा पाळणा काही हलला नाही. ते तसंच राहिलं, आणि बाबा दरवर्षी तांब्या घेऊन येत राहिले.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात ते आले तेव्हा फार थकले होते. काठी टेकत आले. बाग संत्र्यांनी वाकली होती. बांधावर न बसता ते सरळ घराच्या ओट्यावर येऊन बसले. सासरे खाटेवर होते. मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. तांब्या होता, पण हलका वाटत होता. त्यांनी तो माझ्यापुढे केला. रिकामा होता.

"बाबा, पानी सांडलं का?"

"भरलाच नाही." मग म्हणाले, "मले पेले पानी दे, बाई. तुह्या विहिरीचं."

 "पन रीत..." एवढंच मी बोलले.

"नातवाची वाट पाह्यत बसलो तं मी तहानलेलाच मरीन," ते म्हणाले आणि हसले. "दे. मले तुह्या घरचं पेऊन जाचं हाये."

मी विहिरीवर गेले. पोहरा खाली सोडला आणि दोर धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले, कारण डोळ्यांतलं थांबत नव्हतं. मग पाणी ओढलं, घासलेल्या पेल्यात भरलं आणि नेऊन दिलं. बाबांनी पेला दोन्ही हातांनी धरला. सासरे खाटेवर उठून बसले होते. त्यांची नजर बाबांच्या ओठांवर होती. विहिरीचा निकाल लागायचा होता, आणि निकाल देणारी जीभ खाऱ्या मुलखाची होती, तिला फसवता येणार नव्हतं.

बाबा सावकाश प्यायले. पेला खाली ठेवला, मिशा पुसल्या.

"गोड हाये," म्हणाले.

सासऱ्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. खाटेवरून उतरून त्यांनी तांब्या उचलला आणि कोणाला हात लावू न देता, स्वतः विहिरीवर जाऊन तो भरून आणला. फिरकी घट्ट करून बाबांच्या हाती दिला.

बाबा गेल्यावर मी पेला उचलला. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. ते मी प्यायले. खार होता. पूर्वीइतका नाही, पण होता. डाळ त्यात अजूनही भिजवूनच घालावी लागायची.

पाण्याच्या बाबतीत बाबांनी दोनदा खोटेपणा केला, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. माझ्या लग्नात दुरून गोडं पाणी आणलं, पण तोंडानं काही बोलले नाहीत. या वेळी मात्र तोंड उघडून बोलले. पेला मी त्या दिवशी धुतला नाही, तसाच फडताळात उपडा घातला.